पाच पावसाळे मांगरात: एका टू-स्ट्रोक जेट-स्कीच्या इंजिनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं एक गाव. मालकाचा छोटा होम-स्टे आहे आणि 2020 पूर्वी त्याला जोडून वॉटर स्पोर्ट्सचा धंदाही चालायचा. तीन जेट-स्की होत्या. त्यातल्या दोन फोर-स्ट्रोक पुढे विकल्या गेल्या. तिसरीला गिऱ्हाईक मिळालं नाही, कारण ती जुनी, गोव्याहून सेकंडहँड आणलेली टू-स्ट्रोक. दोन सिलिंडर, 701 सीसी, दोन मिकुनी कार्बोरेटर, बटण स्टार्ट. ऑइलची टाकी वेगळी असून इंजिनावरचा एक छोटा पंप लागेल तेवढं ऑइल आपोआप आत सोडतो.

आपल्याकडे पावसाळ्यात, 26 मे ते 31 ऑगस्ट, जलक्रीडा बंद असतात. त्यामुळे मशीन ‘झोपवायची’ सवय सगळ्यांनाच आहे: टाकी रिकामी करायची, सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं, बॅटरी काढून घरात ठेवायची. 2020 साली मात्र 25 मार्चला लॉकडाउन लागला आणि सिझन मध्येच तुटला. पंधरा-वीस दिवसांत सगळं पूर्ववत होईल या हिशेबानं मशीन ट्रेलरसकट मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या शेडमध्ये, ढकललं गेलं. टाकी अर्धी भरलेली, बॅटरी जागेवर. सीट मात्र आठवणीनं घरात नेली, कारण उंदीर फोम कुरतडतात. सीटच्या जागी ताडपत्री आवळली.

मे 2021 मध्ये तौक्ते आलं. मांगराची कौलं उडाली, ताडपत्री फाटली. घराची कौलं लगेच शाकारली गेली, मांगराची राहिली ती राहिलीच. सप्टेंबर 2024 मध्ये मालकाचा भाचा पुण्याची नोकरी सोडून गावी आला, आणि दिवाळीच्या गर्दीआधी हे मशीन पाण्यात उतरवायचं त्याच्या मनानं घेतलं. पर्यटकांना बसवायचं तर मेरीटाईम बोर्डाचा परवाना, विमा वगैरे सगळं नव्यानं करावं लागणार, तो विषय त्यानं पुढे ढकलला. आधी इंजिन जिवंत आहे का ते कळू दे, म्हणाला.

तक्रार आणि पहिली पाहणी

भाच्यानं मला फोन केला, तक्रार एवढीच होती: “मेस्त्री, नवीन बॅटरी लावली. टिक करता, पण फिरणा नाय.”

शेजारच्याची जीप आणून जम्परनं जोर देऊन बघायचं असं त्याचं ठरलं होतं. त्याला बॅटरीची वायर लगेच काढायला सांगितलं. कारण साधं आहे. जेट-स्कीचं पोट म्हणजे झाकण लावलेला डबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. चार-साडेचार वर्षं कुजलेल्या पाइपांतून कुठे काय गळालंय हे न बघता तिथे रिलेची ठिणगी पाडणं म्हणजे आग लावायला बसणं. रोजच्या वापरातल्या मशीनलासुद्धा पेट्रोल भरल्यावर सीट उघडून वास घ्यायचा आणि मगच बटण दाबायचं, हा नियम आहे.

प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा इंजिनाच्या आधी लक्ष गेलं ते पोटाच्या आतल्या भिंतीकडे. विहीर आटताना कठड्याखाली पाण्याच्या रेघा राहतात, तशा रेघा फायबरवर चढत गेलेल्या होत्या. दर पावसाळ्यात पोट भरायचं, उन्हाळ्यात आटायचं. मागच्या बाजूचे दोन्ही ड्रेन प्लग घट्ट बसवलेले. ट्रेलरचं नाक उंच असल्यामुळे पाणी मागे जास्त खोल साचलेलं. सगळ्यात वरची रेघ पट्टी लावून इंजिनाशी जुळवली: कार्बोरेटर रेघेच्या वर, स्टार्टर मोटर पूर्ण खाली, आणि क्रँककेसचा, म्हणजे पिस्टननं फिरणारा क्रँक ज्या पेटीत असतो तिचा, मागचा अर्धा भाग, जिथे क्रँकचं टोक कपलरला (इंजिनाला मागच्या दांड्याशी जोडणाऱ्या जोडाला) मिळतं, तोही पाण्याखाली. पुढचं टोक जेमतेम वाचलेलं.

या प्रकरणातली सगळ्यात कामाची माहिती त्या रेघेनं दिली. स्टार्टर का फिरत नाही याचं उत्तर तिथेच मिळालं. पण मोठा प्रश्नही तिथेच उभा राहिला: क्रँककेस पाण्यात होती, मग पाणी आत गेलं का? त्याचं उत्तर मागच्या ऑइल सीलवर, म्हणजे क्रँकच्या टोकाभोवतीच्या रबरी कडीवर, अवलंबून होतं.

पेट्रोलचा नमुना टाकीच्या तळातून हातपंपानं काढून काचेच्या बाटलीत ठेवला. दहा मिनिटांत दोन थर वेगळे झाले. वर तांबूस, वार्निशचा वास मारणारं पेट्रोल, आणि खाली गढूळ पाण्यासारखा थर. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं, आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं. टाकीतला पाइप तळातूनच ओढतो. म्हणजे मशीन सुरू झालं असतं, तर पहिला घोट त्याच थराचा गेला असता.

स्पार्क प्लग काढून मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा सिलिंडरमध्ये सोडला. पुढचा सिलिंडर स्वच्छ, भिंतीवर ऑइलचा हलका थर. मागच्यात एक्झॉस्ट पोर्टाच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकाच्या, कडेनं तांबेरा, आणि पोर्टाखाली गंजाची अर्धी रिंग. या इंजिनात दोन पिस्टन एकमेकांच्या उलट चालतात, एक वर तर दुसरा खाली. मशीन बंद झालं त्या क्षणी मागचा पिस्टन तळाला होता, त्यामुळे त्याचं पोर्ट सताड उघडं राहिलं आणि खारी हवा सायलेन्सरच्या वाटेनं आत येत राहिली. पुढचं पोर्ट पिस्टननंच झाकलं होतं. कपलरला हात लावून बघितलं तर इंजिन हलेना.

स्टार्टर बुडून बंद पडला ही मालकाच्या दृष्टीनं कटकट, पण खरं तर त्यानंच इंजिन वाचवलं. मोटर चालू स्थितीत असती आणि जीपच्या बॅटरीचा जोर मिळाला असता, तर कोरड्या गंजावरून पिस्टन फरफटला असता. अशा वेळी रिंगा तुटतात, तुकडा पोर्टात अडकतो आणि सिलिंडर कामातून जातो.

कोणते पर्याय होते

भाच्याला हवा होता तो पहिला पर्याय: नवा स्टार्टर, नवं पेट्रोल, कार्बोरेटरला क्लीनरचा फवारा, आणि सुरू. हा पर्याय अगदीच वेडेपणाचा नव्हता. एका पावसाळ्यानंतर बंद राहिलेली अनेक मशीनं याच रीतीनं वर्षानुवर्षं चालतात. पण त्यांच्या पोटात पाण्याची रेघ नसते.

दुसरा पर्याय थेट टोकाचा, म्हणजे इंजिन बाहेर काढून सगळं खोलायचं. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त, आणि आत काही बिघडलंच नसेल तर दोन्ही फुकट.

तिसरा, मुंबईहून किंवा गोव्याहून वापरलेलं इंजिन आणून बसवायचं. किंमत जवळपास खोलकामाइतकीच येत होती. ते इंजिन कुठे, कसं पडून होतं याची काही माहिती नाही. एक आजारी इंजिन काढून दुसरं अनोळखी बसवायचं, याला माझा तरी विरोध होता.

आम्ही टप्प्याटप्प्यानं जायचं ठरवलं. इंजिन जागेवरच मोकळं करायचं, कार्बोरेटर काढायचेच आहेत तर त्यांच्या मागून क्रँककेसमध्ये डोकावायचं, गळती तपासायची आणि मग खोलायचं की नाही ते ठरवायचं. मालकाला एवढंच सांगितलं की दिवाळीचं वचन देत नाही.

इंजिन मोकळं करणं

दोन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) निम्मं-निम्मं मिसळून ओतलं आणि तसंच मुरू दिलं. रोज थोडं वरून घालायचं आणि कपलरला दोन्ही हातांनी आळीपाळीनं डावी-उजवी कळ द्यायची. पाना लावून जोर करायचा नाही. हातानं सुटत नसेल तर अजून मुरू द्यायचं. भाच्यानं हे काम चिकाटीनं केलं. एका सकाळी कपलर बोटभर सरकला, संध्याकाळपर्यंत अर्धा फेरा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण फेरा मिळाला.

दरम्यान कार्बोरेटर उतरवले. आत जे होतं ते अपेक्षितच: इनलेटच्या छोट्या जाळ्या हिरवट-तपकिरी राळेनं बुजलेल्या, नीडल चिकटलेली, आणि डायफ्राम, म्हणजे आतले लवचिक पडदे, जे ओठासारखे मऊ असायला हवेत, ते पत्र्यासारखे कडक. चेक वाल्व्हचा पारदर्शक पडदा गुंडाळून गेलेला. नुसत्या फवाऱ्यानं यातलं काहीही दुरुस्त झालं नसतं. जेटची भोकं साफ करायला तार घालू नये, पितळेला ओरखडा पडला की माप बदलतं. आम्ही तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी, वापरली. किनाऱ्यावर हव्या त्या जाडीची मिळते आणि भोक खराब करत नाही. कार्बोरेटरचं किट मात्र मूळ बनावटीचं मागवलं. स्वस्त किटमधले डायफ्राम जाड असतात, मशीन सुरू होतं पण ॲक्सिलरेटर दाबला की दम खातं, आणि मग माणूस महिनाभर स्क्रू फिरवत बसतो.

कार्बोरेटर आणि त्यांच्या मागचे एकाच दिशेनं उघडणारे रिड वाल्व्ह निघाल्यावर क्रँककेसचं तोंड उघडं पडलं. काठीला पांढरं फडकं गुंडाळून आत तळाला टेकवलं. पुढच्या कप्प्यातून फडकं काळपट, तेलकट निघालं, ते ठीक. मागच्या कप्प्यातून निघालं ते दुधाळ कॉफीच्या रंगाचं. ऑइलमध्ये पाणी घुसळलं की हाच रंग येतो.

गळतीची चाचणी

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस ही नुसती ऑइलची परात नसते. पिस्टन वर जातो तेव्हा ती हवा-पेट्रोल आत ओढते, खाली येतो तेव्हा तेच दाबून सिलिंडरमध्ये पाठवते. क्रँकच्या टोकाचं सील फाटलं किंवा कडक झालं, तर ओढताना बाजूनं फुकटची हवा आत येते. ही हवा कार्बोरेटरमधून आलेली नसते, तिच्यात पेट्रोल नसतं. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असेल तर वंगणही त्याच प्रमाणात कमी पडतं. ट्रेलरवर अर्धा मिनिट चालवून हे कळत नाही. कळतं ते पाण्यात, पूर्ण भारावर, पूर्ण वेगात. पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो, मशीन जागच्या जागी थांबतं, आणि तेव्हा किनारा लांब असतो.

चाचणीला महागडं काही लागत नाही. एक्झॉस्ट आणि इनटेकची तोंडं रबर आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी बंद केली, प्लग लावले आणि एका नळीला बीपी तपासायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा जोडला. काटा 300 मिलिमीटरवर (पाऱ्याच्या) नेला की साधारण 5.8 पीएसआय (इंजिनाच्या कामात वापरायचं दाबाचं माप) होतात, आणि या कामाला तेवढाच दाब हवा. जास्त दिला तर चांगलं सीलही उलटतं. दाब एका मिनिटात 50 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण 1 पीएसआयपेक्षा, जास्त उतरू नये.

पुढच्या कप्प्याचा काटा जवळजवळ स्थिर राहिला. मागच्याचा काटा फुगा सोडताच घसरला. कपलरच्या मागे साबणाचं पाणी ब्रशनं लावलं आणि सीलच्या कडेनं बारीक बुडबुड्यांची रांग उठली. पाणी जिथून आत गेलं तिथूनच आता हवा बाहेर येत होती. रेघेनं दिलेला अंदाज खरा ठरला.

मधला वाद: सुरू झालं ना, मग?

खरं तर निर्णय इथेच व्हायला हवा होता. पण तोवर नवा स्टार्टर बसला होता, कार्बोरेटर तयार होते, आणि मालकाचं म्हणणं पडलं की इंजिन बाहेर काढण्यावर पैसा घालण्याआधी ते एकदा पेटतं का ते तरी दाखवा. मागणी रास्त वाटते. आत खर्च करून शेवटी सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, मेलेला निघाला तर?

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, घेतलं. आधी सिलिंडरमधलं डिझेल-ऑइल पूर्ण काढून टाकलं, कारण ऑइल रिंगांभोवती बसलं की आकडा खोटाच चढतो. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, दोन्ही प्लग बाहेर आणि अर्थ केलेले, नाहीतर सीडीआयला धोका. पुढचा 128 पीएसआय, मागचा 96. दोघांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, इथे पंचवीस टक्के होता. ठिणगी दोन्हीकडे निळी, कडक.

मग क्रँककेस स्वच्छ धुऊन, ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात घालून बटण दाबलं. पेटलं. दोन्ही सिलिंडरवर, काही सेकंद, भरपूर धूर करत. मांगराबाहेर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मालक म्हणाला, “चालू झाला मा? मगे आता खोलूचा कित्याक?”

या सुरुवातीनं आमच्या माहितीत काहीच भर पडली नाही. ठिणगी आहे हे टेस्टरनं आधीच सांगितलं होतं, कॉम्प्रेशन गेजनं सांगितलं होतं, गळती साबणाच्या पाण्यानं दाखवली होती. पेटणं ही टू-स्ट्रोकची सगळ्यात सोपी परीक्षा आहे. हवा, पेट्रोल, ठिणगी बरी असली की ते मरायला टेकलं तरी पेटतं. वाढला तो फक्त आग्रह. दिवाळी तोंडावर, भाचा उत्साहात, गावातले दोघे-तिघे सांगणारे की अमक्याचं मशीन याहून वाईट होतं आणि अजून पळतंय.

शेवटी मालकाला फडकं दाखवलं, आणि बुडबुडे पुन्हा काढून दाखवले. एवढंच विचारलं की पूर्ण वेगात असताना हे खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत बंद पडलं तर त्यावर कोण असेल? भाचाच असणार होता. त्यानंतर वाद झाला नाही.

खोलल्यावर

इंजिन बाहेर काढलं. या इंजिनात सीलची कड क्रँककेसच्या खाचेत बसते, त्यामुळे दोन्ही अर्धे वेगळे केल्याशिवाय सील बदलता येत नाही.

आत क्रँकचे मधले भाग आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बरी होती. मागच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये मात्र वाटीवर सारख्या अंतरानं काळे खड्डे पडलेले, गोळ्या इतकी वर्षं जिथे टेकून होत्या नेमक्या तिथे. हातानं फिरवताना त्याचा खरखर आवाज येत नव्हता. क्रँक मोकळा असताना बेअरिंगला नख लावून फिरवलं तेव्हा बारीक ठेचा लागल्या. म्हणजे कपलर हातानं मऊ फिरला यावरून मालक जो दिलासा घेत होता, तो फसवा होता.

टोकाचं बेअरिंग क्रँक न उकलता निघतं, ही नशिबाची गोष्ट. मधलं गेलं असतं तर सगळा क्रँक प्रेसवर सुटा करून पुन्हा जुळवावा लागला असता. क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवला. तिथे बेअरिंग बदललं आणि क्रँक सरळ फिरतो का तेही डायलवर बघून घेतलं. बेअरिंग घेताना नुसता नंबर जुळवून भागत नाही. नंबरापुढे सी-3 सारखी खूण असते, ती आतल्या मोकळीकीची. जुन्यावर जी खूण असेल तीच घ्यायची. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून साधं देतो, आणि ते तापल्यावर आवळतं.

मागचा सिलिंडर होन केला, म्हणजे आतून घासून साफ केला. गंज वरवरचा निघाला, मापात भरला, रिबोअर करायची, म्हणजे आतून मोठा कापायची, वेळ आली नाही. दोन्हीकडे नव्या रिंगा, दोन्ही टोकांना नवी सीलं. केसच्या जोडावर पेट्रोल सोसणारं खास सीलंटच लावलं. घरगुती सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि त्याच्या चिंध्या आत जातात. जोडणी झाल्यावर फुगा पुन्हा लावला. काटा दोन्हीकडे थांबला.

पाइप सगळेच बदलले. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि या मशीनचं जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. टाकी धुऊन वाळवली. जुनं पेट्रोल वेगळ्या कॅनमध्ये काढून ठेवलं. खाडीत ओतू दिलं नाही, तसा विचार तिथे बोलून दाखवला गेला होता म्हणून सांगतो.

ऑइल पंपाचा निर्णय

पंपाच्या नळ्या कडक झालेल्या, एक तर बोटात मोडली. पंप स्वतः फिरत होता, पण तो लागेल तेवढंच ऑइल देतोय याची खात्री करायला आमच्याकडे साधन नव्हतं. पंप बंद पडला तर इंजिन काही मिनिटांत जातं आणि आधी काहीही कळत नाही. आम्ही पंप काढला, तोंड पट्टीनं बंद केलं आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं ठरवलं. पहिल्या टाकीला लिटरमागे 25 मिलिलिटर, नंतर 20, म्हणजे 50 ला 1.

ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं असलंच पाहिजे. बाइक-रिक्षासाठीचं टू-टी ऑइल हवेनं थंड होणाऱ्या गरम इंजिनांसाठी असतं. जेट-स्कीचं इंजिन पाण्यानं थंड होतं आणि त्यात ते राख सोडतं, प्लग आणि रिंगा चिकटवतं.

या निर्णयाची किंमत आहे. साधं पेट्रोल कोणी चुकून भरलं तर सगळी मेहनत एका फेरीत वाया. म्हणून टाकीच्या झाकणावर लाल रंगानं ‘ऑइल मिसळून’ असं लिहिलं.

पाण्याची वाट आणि पहिली धाव

ट्रेलरवर नळी लावून चालवताना क्रम चुकवायचा नाही: आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं तर इंजिन फिरत नसताना आलेलं पाणी एक्झॉस्टमधून मागे चढून सिलिंडरमध्ये जातं. इतक्या खटाटोपानंतर भाच्याच्या हातून हेच होता होता राहिलं, म्हणून नळाजवळ खडूनं क्रम लिहून ठेवला.

इंजिन सुरू झालं, पाणी सोडलं, पण बाजूच्या छोट्या भोकातून जी धार यायला हवी ती येईना. पाण्याचा मार्ग मिठानं बुजला की काय या शंकेनं सगळेच गप्प झाले. लगेच बंद केलं. भोकात तार घातली तर वाळलेली माती निघाली. कुंभारीण माशीनं तिथे घर केलं होतं, आत तिच्या अळीसाठी ठेवलेले वाळके कोळीसुद्धा होते. माती निघाली आणि धार सुटली.

खाडीत उतरवल्यावर लगेच पळवलं नाही. धक्क्याच्या खांबाला दोरानं बांधून थोड्या थोड्या वेळानं भार दिला, मध्ये थांबवून प्लग काढून पाहिले. दोन्ही पोर्सेलीन तपकिरी. पांढरं असतं तर मिश्रण पातळ, म्हणजे पुन्हा फुगा. मग पहिली टाकी अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, वेग सारखा कमी-जास्त करत संपवली.

निष्पत्ती

दिवाळी हुकली. सुट्या भागांची वाट बघण्यात आणि कोल्हापूरच्या फेऱ्यांत बहुतेक वेळ गेला. मशीन नाताळच्या गर्दीत पाण्यात होतं. सिझन संपताना कॉम्प्रेशन घेतलं: पुढचा 140, मागचा 138. फुग्याची चाचणी परत करण्याची गरज वाटली नाही. एकच कुरबुर राहिली आहे: थंड असताना संथ गतीवर मशीन झुलतं. कार्बोरेटरच्या थ्रॉटल शाफ्टची झीज हे त्याचं कारण असावं असा माझा अंदाज आहे. मालकाला त्याची फिकीर नाही.

पैशाच्या हिशेबात मात्र हे काम जेमतेम बसतं. हे मशीन विकायला काढलं तर जे येईल त्याच्या निम्म्याहून जास्त यात गेलं.

काय वेगळं करता आलं असतं

गळतीची चाचणी सगळ्यात आधी करता आली असती. तिला इंजिन फिरावं लागत नाही, अडकलेल्या इंजिनावरही ती होते. मागचा पिस्टन तळाला होता, पोर्टं उघडी होती, तोंडं बंद करून फुगा लावला असता तर पहिल्याच पाहणीत बुडबुडे दिसले असते. मग इंजिन लगेच बाहेर, मोकळं करण्याचं काम बाकावर, आणि सीलं-रिंगांची ऑर्डर तेव्हाच गेली असती. कदाचित दिवाळीही गाठली असती. पाण्याची रेघ दिसते तिथे हाच क्रम मी आता सुचवतो. रेघ नसेल, मशीन कोरड्या जागी असेल, तर आधी कार्बोरेटर आणि कॉम्प्रेशन ठीक.

ती पेटवून दाखवायची फेरीही टाळायला हवी होती. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला पुरावा हवा असतो, हे खरं. पण पुरावा म्हणून फुग्याचा काटा घसरताना दाखवणं जास्त उपयोगी ठरलं.

ठेवण्याच्या बाबतीत नुकसानीचं मूळ पेट्रोलमध्ये नव्हतं. शिळ्या पेट्रोलनं कार्बोरेटर गेले, ते किटनं परत आले. बेअरिंग, सील, स्टार्टर गेले ते दोन ड्रेन प्लगांमुळे. ते काढून ठेवले असते तर तौक्तेनंतरचं सगळं पाणी मागून वाहून गेलं असतं. ट्रेलरचं नाक उंच होतंच, म्हणजे निचऱ्याची सोय आयती होती, फक्त वाट बंद होती.

सिझननंतर, मे 2025 मध्ये, मशीन झोपवताना भाच्यानं ड्रेन प्लग काढून किल्लीच्या जुडग्यालाच अडकवले, टाकी रिकामी केली, चालू इंजिनात कार्बोरेटरच्या तोंडातून ऑइल फवारलं आणि सीट जागेवर ठेवून कडांना हवेसाठी फट सोडली. महिन्यातून एकदा कपलर हातानं थोडा फिरवायचं कामही त्यानं स्वतःकडे घेतलंय. ऑइल पंपावरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. दर वेळी मापून ऑइल मिसळायचा मालकाला कंटाळा येतो, नव्या नळ्या टाकून पंप परत बसवा असा त्याचा तगादा आहे. पंप किती ऑइल देतो ते मोजून दाखवता येईपर्यंत मी तो बसवणार नाही, असं त्याला कळवलं आहे.